डाखाऊला मुलांना न्यावं का?



ऑक्टोबरच्या हाफ टर्मला आम्ही म्युनिकला जाऊन आलो. तेव्हापासून तीन-चार मैत्रिणींनी फोनवर एकच प्रश्न विचारलाय. "डाखाऊला गेलात म्हणे? मुलाला घेऊन? झेपलं का त्याला?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहावं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगते, मी इतिहासाची अभ्यासक नाही. मी सीए. पुण्यात आर्टिकलशिप केली, आता बारा वर्षं इंग्लंडमध्ये लोकांचे हिशोब तपासते. त्यामुळे तिथे मला जे दिसलं ते थोडं माझ्या धंद्याच्या चष्म्यातून दिसलं. तुम्हाला वेगळं दिसेल.

प्रश्नाचं छोटं उत्तर म्हणजे, न्यावं, पण सगळ्यांना नाही. आमचा मुलगा चौदाचा आहे, तो आला. मुलगी नऊ वर्षांची. ती त्या दिवशी बाबाबरोबर म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये विमानं बघत होती, आणि खुशीत होती. डाखाऊचं स्मारक साधारण बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी सुचवतात. पोलंडमधल्या आउशवित्झला तर चौदाच्या आतल्या मुलांना आणू नका असं तिथलं म्युझियम स्वतःच सांगतं. पण वयापेक्षा मला दुसरी खूण जास्त पटते. मूल आपणहून विचारायला लागलं असेल तर न्या. "युरोपला आलोच आहोत तर हेही बघून घेऊ" म्हणून नेऊ नका. तो काही नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा नाही.

आणि इंग्लंडमधल्या आईबाबांनो, आपल्या मुलांना हा विषय शाळेत येणारच आहे. इथे सेकंडरीच्या पहिल्या तीन वर्षांत होलोकॉस्ट शिकवणं अभ्यासक्रमात सक्तीचं आहे. म्हणजे मुलाला अर्धंमुर्धं माहीत असतंच, आपल्याशी बोलत नाही इतकंच. अमेरिकेतल्यांना वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट म्युझियम आहे. तिथून सुरुवात करता येईल.

जायच्या आधी मी मुलाला फार काही वाचायला दिलं नाही. एकच गोष्ट सांगितली, की डाखाऊ ही पहिल्या छळछावण्यांपैकी एक, आणि ती २२ मार्च १९३३ ला सुरू झाली. महायुद्ध १९३९ ला सुरू झालं. म्हणजे युद्धाच्या सहा वर्षं आधी. हिटलर सत्तेत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पहिल्या महायुद्धातला दारूगोळ्याचा बंद पडलेला कारखाना होता, तिथे सोय केली. आधी आणले ते कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार संघटनांचे लोक, म्हणजे राजकीय विरोधक. नंतर ज्यू, सिंती आणि रोमा, समलिंगी, जेहोवाज विटनेस, पाद्री, पुढे जिंकलेल्या देशांतले लोक. एकूण दोन लाखांहून जास्त माणसं इथे आणि याच्या उपछावण्यांत डांबली गेली. किमान ४१,५०० मेली.

हे गुपचूप चाललं होतं असंही नाही. हिमलरने पत्रकारांना बोलावून छावणी सुरू होतेय म्हणून जाहीर केलं आणि म्युनिकच्या पेपरात दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. पाच हजार माणसांची सोय आहे, हेसुद्धा.

म्युनिकहून एस-टू लोकलने वीसेक मिनिटांत डाखाऊ स्टेशन येतं, पुढे ७२६ नंबरची बस. बसमध्ये शाळकरी मुलं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या आज्या. बाहेर सुपरमार्केट, बागा, खिडकीत फुलांच्या कुंड्या. मुलगा हळूच म्हणाला, "आई, इथे लोक राहतात?" राहतात ना. तेव्हाही राहत होते. हा प्रश्न त्याला बसमध्ये पडला, तिथेच मला वाटलं की आणलं ते बरं केलं.

तिकीट नाही. ऑडिओ गाइड मिळतो, तो मोठ्यांसाठी ठीक आहे. मुलांना मात्र आपण बरोबर चालत बोललेलं जास्त पोचतं.

आत जायचं ते लोखंडी फाटकातून. त्यावर जर्मनमध्ये लिहिलंय, "काम केल्याने मुक्ती मिळते." मूळ दार २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये चक्क चोरीला गेलं होतं! दोन वर्षांनी ते नॉर्वेत सापडलं. आता ते आत म्युझियममध्ये ठेवलंय आणि फाटकाला त्याची नक्कल बसवली आहे. कोणी का चोरलं असेल यावर मुलाने बराच वेळ डोकं चालवलं. मी अडवलं नाही. अशा जागी मुलाला मधूनमधून एखादी साधी, पोलिसी तपासासारखी गोष्ट लागते, श्वास घ्यायला.

फाटकातून आत गेलं की मोठंच्या मोठं मोकळं मैदान. हजेरीचं मैदान. सकाळ-संध्याकाळ कैद्यांना इथे उभं करून मोजायचे. मोजणी जुळली नाही तर जुळेपर्यंत सगळे उभे. थंडीत, पावसात, आजारी, कसेही. मंडळी, "टॅली होईपर्यंत कोणी हलायचं नाही" हे वाक्य मी कितीतरी मार्च एंडला ऐकलंय. हसत ऐकलंय. त्या मैदानात ते आठवलं आणि नको वाटलं.

मैदानाच्या एका बाजूला लांबलचक इमारत आहे, मुख्य प्रदर्शन तिथेच आहे. तिच्या छतावर तेव्हा मोठ्या अक्षरांत एक मजकूर रंगवलेला होता, मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसेल असा. आता तो नाही, फोटो आहे. मजकुराचा मतलब असा, की स्वातंत्र्याकडे जायचा एकच रस्ता आहे आणि त्यावरचे मैलाचे दगड म्हणजे आज्ञाधारकपणा, कष्ट, प्रामाणिकपणा, टापटीप, स्वच्छता, निर्व्यसनीपणा, खरेपणा, त्याग आणि मातृभूमीवरचं प्रेम.

परत एकदा वाचा. माझ्या शाळेच्या जिन्यात, पायरीपायरीवर, साधारण हेच लिहिलेलं होतं. तुमच्याही असेल. मी माझ्या मुलांना यातलं जवळजवळ सगळं शिकवते. मुलाने फोटोखालचं भाषांतर वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "हे तर सगळं चांगलंच आहे ना?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. पुढे बराकीत नेलं.

मूळ ३४ बराकी होत्या, आता त्यांच्या जागी फक्त काँक्रीटचे चौकोन आहेत, आकडा घातलेले. दोन बराकी नव्याने बांधून दाखवल्या आहेत. दोनशे माणसांसाठी बांधलेल्या एकेका बराकीत शेवटी शेवटी दोन-दोन हजार माणसं कोंबलेली होती. पण मुलाला धडकलं ते दुसरंच. सुरुवातीच्या वर्षांत, गर्दी व्हायच्या आधी, कैद्यांना गवताच्या गादीचं अंथरूण काटकोनात लावावं लागे. कडा सरळ, चादरीवर सुरकुती नाही. कपाट चकचकीत, वाडग्यात पाण्याचा थेंब नाही, लाकडी जमीन घासून लख्ख. आणि जरा कुठे कमी-जास्त दिसलं की मार, उपाशी ठेवणं, हात मागे बांधून टांगणं. टापटीप हे इथे माणसाला मोडायचं हत्यार होतं. सुरकुती सापडायचीच, कारण ती शोधायचीच असे.

आमच्याकडे रोज सकाळी पांघरुणाच्या घडीवरून महाभारत होतं. मुलगा त्या बाकड्यांकडे बघत म्हणाला, "म्हणजे नियम पाळला तरी उपयोग नव्हता." बरोबर ओळखलंस, म्हटलं. छतावरच्या यादीचं उत्तर यात आहे. शब्द चांगलेच होते. ते लिहिले कोणी, कोणाला वाचायला लावले आणि वाचणाऱ्याला 'नाही' म्हणायची मुभा होती का, हे बघायचं.

आता एक जरा नाजूक गोष्ट. आपल्या घरांत 'हिटलर' हा शब्द किती सहज येतो! कडक बाई म्हणजे हिटलर, शिस्तीचा बाप म्हणजे हिटलर. भारतात रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. मुलाचे पुण्याचे आजोबा निवृत्त शिक्षक, अत्यंत प्रेमळ माणूस, मुंगी मारणार नाहीत. पण "काही म्हणा, शिस्त लावावी तर हिटलरने" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलंय. त्यांच्या पिढीत यात वाईट हेतू नसतो. तो इंग्रजांचा शत्रू, एवढंच माहीत होतं. पण आपली मुलं ज्या वर्गात बसतात, तिथे शेजारच्या बाकावर एखाद्याची पणजी अशाच छावणीत गेलेली असू शकते. तिथे हे वाक्य गंमत म्हणूनही चालत नाही, आणि का चालत नाही ते मुलाला आपल्याकडून कळायला हवं. बाईंची तक्रार आल्यावर नव्हे.

स्वस्तिकाचंही तसंच. लक्ष्मीपूजनाला मी अजूनही वहीवर कुंकवाचं स्वस्तिक काढते, शुभ-लाभ लिहिते. ते मी सोडणार नाही. मुलाला ते आपलं काय आहे हे लहानपणीच सांगितलंय, आणि जर्मन लोक त्यांच्या त्या चिन्हाला 'हाकेनक्रॉयझ', म्हणजे आकड्यांचा क्रॉस म्हणतात, हेही. पण डाखाऊला जाताना पर्समधली सिद्धिविनायकाची छोटी पाऊच, जिच्यावर स्वस्तिक आहे, हॉटेलवर काढून ठेवली. तिथे आलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आपलं पाच हजार वर्षांचं स्पष्टीकरण ऐकायला वेळ नसतो, आणि त्याने ते का ऐकावं? (जर्मनीत नाझी चिन्हं मिरवणं हा गुन्हा आहे. आपलं धार्मिक चिन्ह त्यात येत नाही, पण दारातच वाद कशाला?)

प्रदर्शनाच्या इमारतीत एक खोली आहे. नवीन कैदी आणले की इथे त्यांच्याकडचं सगळं काढून घ्यायचे. कपडे, घड्याळ, लग्नाची अंगठी, पाकीट, फोटो. आणि त्याची नोंद व्हायची. प्रत्येकाच्या नावाचं कार्ड, कार्डावर वस्तूंची यादी, खाली कैद्याची सही. मी ती कार्डं बघत उभी राहिले आणि मला खरं सांगते, आधी फक्त अक्षर दिसलं. सुंदर, एकसारखं. रकाने भरलेले, तारीख आहे, सही आहे. ऑडिटला आले असते तर एक शेरा मारता आला नसता.

मुलगा शेजारी आला. त्याने विचारलं, "आई, हे कोण लिहायचं? म्हणजे, त्यांच्याकडे अकाउंटंट होते?"

होते. खूप होते. १९४२ पासून सगळ्या छावण्या एसएसच्या ज्या खात्याकडे होत्या, त्याचं नावच 'आर्थिक आणि प्रशासकीय मुख्य कार्यालय' असं होतं. त्याचा प्रमुख ओस्वाल्ड पोल हा मूळचा नौदलातला पगारवाटप बघणारा अधिकारी. आमच्याच पंगतीतला म्हणा. छावणीतले कैदी कारखान्यांना भाड्याने द्यायचे आणि महिन्याच्या महिन्याला बिल पाठवायचे. आउशवित्झजवळच्या कारखान्यासाठी आय. जी. फारबेन ही कंपनी साध्या मजुराचे दिवसाला ३ मार्क आणि कुशल कामगाराचे ४ मार्क देत होती. पैसे एसएसला. कैद्याला शून्य. डाखाऊच्या उपछावण्यांतूनही असेच कैदी विमानांच्या इंजिनाच्या आणि शस्त्रांच्या कारखान्यांत जात. माणूस मेला की यादीतून नाव कमी, बिलातून रक्कम कमी. मरणाचं कारण मात्र पुष्कळदा खोटं लिहिलेलं.

हे मी त्याला सांगितलं तसंच, मऊ न करता. मग त्याने विचारलं, "तू केलं असतंस?"

मंडळी, चौदा वर्षांचं मूल असं विचारतं तेव्हा "छे, मी कशाला!" हे उत्तर अगदी ओठावर असतं. मी ते दिलं नाही. म्हटलं, मला कोणी एक दिवस सरळ येऊन "चल, हे लिही" म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं असतं असं मला वाटतं. पण असं कोणी येत नाही. आधी फक्त स्वयंपाकघराच्या बटाट्यांचा हिशोब येतो. मग ब्लँकेटांचा. मग घड्याळांचा. आणि मी चोख काम करणारी बाई आहे. तो काही बोलला नाही. मीही नाही.

त्याच खोल्यांमध्ये दुसरीही माणसं होती, हे त्याला त्याच दिवशी कळणं मला गरजेचं वाटलं. एडगर कुप्फर-कोबरविट्झ नावाचा एक कैदी छावणीला जोडलेल्या स्क्रूच्या कारखान्यात कारकुनी करायचा. टेबल, कागद, पेन्सिल हाताशी. त्याने १९४२ च्या नोव्हेंबरपासून चोरून डायरी लिहिली. हळूहळू अठराशेच्या आसपास पानं झाली. सापडला असता तर मरण नक्की होतं. त्याने ती पानं पुरून ठेवली आणि छावणी मुक्त झाल्यावर खणून काढली. सरकारी हिशोबाच्या टेबलावर बसून ठेवलेला दुसरा, खरा हिशोब. माझ्या सगळ्या करिअरमध्ये मी इतकी चांगली वही बघितलेली नाही.

आणि ती अंगठी-घड्याळाची कार्डं? युद्धानंतर अशी कोट्यवधी कागदपत्रं जर्मनीतल्या बाड आरोल्सन या गावी जमा झाली. तिथल्या आरोल्सन आर्काइव्ह्जकडे छावण्यांमधून सापडलेल्या काही वस्तूही आहेत, आणि ते लोक आजही त्या कैद्यांची कुटुंबं शोधून एकेक घड्याळ, एकेक फोटो परत देतात. आमच्या भाषेत सांगायचं तर ऐंशी वर्षं जुनं सस्पेन्स अकाउंट, एकेक नोंद करून रिकामं करताहेत. मुलाला हे इतकं आवडलं की त्याने परतीच्या ट्रेनमध्ये त्यांची वेबसाइट उघडून बसला होता.

शेवटचा भाग दाहगृहाचा. मुख्य छावणीच्या बाहेर, झाडांमध्ये, ओढ्यापलीकडे. तिथे जायचं की नाही हे मी मुलावर सोडलं होतं. तुम्हीही सोडा. गॅस चेंबरही त्याच इमारतीत आहे. इथे त्यात सामूहिक हत्याकांड झालं नाही, ते पोलंडमधल्या छावण्यांमध्ये झालं, हा फरक मुलांना नीट सांगायला हवा, नाहीतर सगळ्या जागा डोक्यात एक होतात. तो दारापर्यंत आला, भट्ट्या बघितल्या आणि एका मिनिटात बाहेर जाऊन उभा राहिला. मी घाई केली नाही.

तिथेच चार बायकांच्या नावांची पाटी आहे. ब्रिटनसाठी व्याप्त फ्रान्समध्ये गुप्तपणे काम करणाऱ्या चौघी. १३ सप्टेंबर १९४४ ला पहाटे चौघींनाही इथे गोळ्या घातल्या. त्यातलं एक नाव नूर इनायत खान. वडील हजरत इनायत खान, जन्म बडोद्याचा. त्यांचे आजोबा मौलाबक्ष, ज्यांनी सयाजीराव गायकवाडांच्या काळात बडोद्याची गायनशाळा उभी केली. घराणं आईकडून टिपू सुलतानाच्या वंशातलं असं सांगतात. इनायत खान १९१० मध्ये वीणा घेऊन देश सोडून निघाले, म्हणजे आपल्यासारखेच. नूरचा जन्म मॉस्कोत, आई अमेरिकन, वाढली पॅरिसजवळ. १९३९ मध्ये तिचं मुलांसाठी जातककथांचं पुस्तक छापून आलं. १९४३ च्या जूनमध्ये ती वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली, त्या कामावर पाठवलेली पहिली स्त्री. पकडल्यावर दहा महिने साखळदंडात काढले. वय तीस.

लंडनमधल्यांनो, गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा आहे, मुलांना घेऊन सहज जाता येईल. डाखाऊला न्यायला लहान असलेल्यांसाठी मी तर तीच सुरुवात सुचवेन. आमच्या धाकटीला मी जातककथांपासूनच सांगायला घेतलंय. बाकीचं वय झालं की.

दोन-चार बारीकसारीक गोष्टी. किमान तीन-चार तास ठेवा. वारा फार असतो त्या मैदानात, जाड जॅकेट घ्या. आत फिरताना चिप्सची पाकिटं फोडू नका, फाटकासमोर हसून फोटो काढू नका. आपल्या लोकांना मी काढताना बघितलंय, म्हणून लिहिते. आणि त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. आम्ही हॉटेलवर येऊन मॅगी खाल्ली आणि लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे पुण्याला फोनचा दिवस. मुलाने आजोबांना बटबटीत काहीच सांगितलं नाही. अंथरुणांचं सांगितलं. काटकोन, सुरकुती आणि मग काय व्हायचं ते. आजोबा ऐकत होते. मध्येच म्हणाले, "पण शिस्त..." आणि थांबले. मुलगाही थांबला. आपल्या त्या अर्ध्या मराठीत म्हणाला, "आजोबा, ती शिस्त नव्हती. ते फक्त त्रास द्यायला रीझन शोधत होते."

थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नाही. मग आजोबांनी विचारलं, "आणि ती बडोद्याची मुलगी कोण म्हणालास? थांब, पेन घेतो. हां, सांग. नाव सावकाश सांग."